बाबांनी लायब्ररीत हात वर केला

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदा लंडनला आले. नागपूरच्या घरात ते एकटेच उरले होते, आणि मी फोनवर रडून त्यांना व्हिसा काढायला लावला होता. लंडनच्या ईलिंग भागात, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीत, आमचं लहानसं टेरेस घर होतं. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मी एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. मुलगी अकरा वर्षांची, नुकतीच सेकंडरी शाळेत गेलेली. बाबा पोस्टातून रिटायर झालेले. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, अंगावर दोन स्वेटर चढवून रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसायचे आणि आम्ही घराबाहेर पडेपर्यंत कुणाला काही मागायचे नाहीत.

आम्ही गोंड. आज हे मी दोन शब्दांत लिहून मोकळी होते, पण त्या काळात हे दोन शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत नसत. माहेरचं आडनाव सांगितलं की नागपूरच्या माणसाला लगेच कळतं, म्हणून मी ते कुठे सांगत नव्हते. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव मिळालं, वर इंग्लंडला आलो, आणि मला वाटलं की आता हा विषय संपला. नवऱ्याला सगळं माहीत होतं. सासूबाईंनी लग्नाच्या वेळी एवढंच म्हटलं होतं की आमचं काही म्हणणं नाही, पण उगाच चारचौघांत सांगायची गरज काय? ते मला पटलंही होतं. खरं तर त्यांनी म्हणायच्या आधीपासूनच पटलेलं होतं.

आमच्या ओळखीची मराठी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायची. पोटलक असायचं, प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा. जेवणं झाली की पुरुषांचा विषय हमखास आरक्षणावर जायचा. कोण किती मार्कांवर इंजिनिअरिंगला लागलं, कुणाची सीट कुणी खाल्ली. मी स्वतः राखीव जागेवर इंजिनिअर झालेली. तिथे मी पानं उचलायला लागायचे, नाहीतर मुलांना काय हवं-नको ते बघायला वर जायचे. नवरा तेवढ्यापुरता माझ्याकडे बघायचा आणि क्रिकेट काढायचा.

या मंडळींत माझी एक जवळची मैत्रीण होती. ती नागपूरचीच, धरमपेठेतली. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती, त्यामुळे आमचं रोजचं येणंजाणं. मनाने चांगली बाई. माझ्या बाळंतपणात तिने मला महिनाभर डबे दिले होते. ओळख झाली तेव्हा तिने विचारलं होतं, माहेर कुठलं गं? मी म्हटलं, बाबा पोस्टात होते, सारख्या बदल्या, आम्ही कुठलेच नाही. ती हसली आणि तो विषय तिथेच राहिला. पुढे कधीतरी ती कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, हिच्या माहेरची चंद्रपूरकडे मोठी शेती आहे म्हणून. मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. पण खोडूनही काढलं नाही.

तर त्या वर्षी मुलीच्या वर्गाला इंग्लिशच्या बाईंनी एक कादंबरी वाचायला दिली. लेखिका अमेरिकेतली, तिथल्या ओजिब्वे या मूळ आदिवासी जमातीची. कादंबरी मुलांसाठी होती. तिच्यातली मुलगी तेरा वर्षांची, आईबरोबर शहरात राहते. आई एका लाँड्रीत काम करते. शाळेत ही मुलगी सगळ्यांना सांगते की आम्ही इटालियन आहोत. केस काळे, रंग सावळा, तेव्हा खपून जातं. उन्हाळा संपता संपता मात्र तिची मावशी तिला उत्तरेला एका मोठ्या तळ्यावर घेऊन जाते. तिथे पाण्यात आपोआप भात उगवतो. एकाने बांबूसारख्या लांब काठीने होडी ढकलायची, दुसऱ्याने दोन काठ्यांनी कणसं वाकवून दाणे होडीत झोडायचे. त्या वर्षी मावशीचा जोडीदार आजारी पडतो आणि झोडायचं काम या मुलीवर येतं. पुस्तकाची गोष्ट एवढीच. पण एवढ्यात ती मुलगी मोठी होते.

शाळेतून आली की माझी मुलगी हे पुस्तक बाबांना वाचून दाखवायची. मी त्यांना सांगितलं होतं की तिच्याशी मराठीत बोला, तेवढंच तिचं मराठी सुधारेल. एक पान इंग्लिशमध्ये वाचायचं आणि मग ते आपल्या मराठीत सांगायचं, असं दोघांनी ठरवलं. मी ऑफिसातून येऊन कोट काढत असायचे तेव्हा आतून आवाज यायचा, "आजोबा, मग ती मुलगी पाण्यात पडला, आणि त्याचा मावशी खूप हसली." बाबा तिची चूक सुधारायचे नाहीत. मग काय झालं, एवढंच विचारायचे.

वर्गात एकाने तिला विचारलं होतं, हे पुस्तक इंडियन लोकांचं आहे, म्हणजे तुमचंच ना? तिने ते घरी आल्यावर हसत हसत सांगितलं. मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी मुलीकडून पुस्तक घेतलं आणि मागच्या बाजूला लेखिकेचा फोटो होता तो बराच वेळ पाहिला. मला म्हणाले, "ही तुझ्या मावशीसारखी दिसते." मी म्हटलं, बाबा, चहा घेणार ना?

एका रविवारी मैत्रीण आणि तिचा नवरा आमच्याकडे जेवायला होते. भात वाढताना मुलगी म्हणाली, त्या पुस्तकातला भात काळा असतो आणि पाण्यात उगवतो. मैत्रिणीला गंमत वाटली. बाबा एरवी पाहुण्यांसमोर बोलत नसत, पण त्या दिवशी लगेच म्हणाले की आमच्याकडेही आहे. देवधान म्हणतात. तळ्यात आपोआप येतं, पेरावं लागत नाही, मासे धरणारे ढिवर लोक पहाटे पाण्यात उतरून काढतात. उपासाला चालतं. त्यांचा चेहरा खुलला होता. पुढे ते सांगायला लागले की आमच्या गावाच्या तळ्यावर माझी माय... आणि मी मध्येच मैत्रिणीला विचारलं की तुमच्या माळ्यावरच्या नव्या खोलीच्या परवानगीचं कौन्सिलने काय केलं. ती सांगू लागली. बाबांनी वरणात भात कालवला आणि खाली बघून जेवू लागले. मी मात्र जेवणभर हिशोब करत होते की ते आणखी काय बोलले असते, "आमचं गाव" म्हटल्यावर मैत्रिणीने कुठलं गाव म्हणून विचारलं असतं तर काय. माझे कान गरम झाले होते, जसं काही कुणी मला शिवी दिली होती.

पुस्तक मी रात्री एकटीने थोडं थोडं वाचत होते. ती मुलगी मैत्रिणींना आपण इटालियन असल्याचं सांगते ते प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. पुढचं मी तेव्हा वाचलंच नाही.

हाफ-टर्मची सुट्टी संपल्यावर शाळेतून निरोप आला की ती लेखिका इंग्लंडमध्ये आली आहे आणि शनिवारी दुपारी आपल्या लायब्ररीत येणार आहे. पालकांनी यायला हरकत नाही. बाबांना न्यायचा माझा विचार नव्हता. थंडी होती, त्यांना खोकला होता, कारणं पुष्कळ होती. पण मुलीने त्यांना आधीच कबूल केलं होतं. त्यांनी सकाळीच दाढी केली, आणलेला एकुलता एक कोट ब्रशने साफ केला आणि माझी वाट बघत दारात उभे राहिले.

लायब्ररीत मुलांच्या विभागात खुर्च्या मांडल्या होत्या. एका टेबलावर स्क्वॉश आणि बिस्किटं. मैत्रीण आधीच आली होती. तिने आमच्यासाठी जागा धरून ठेवली होती. मी, बाबा, मधे माझी मुलगी, तिच्या पलीकडे मैत्रीण आणि तिची मुलगी. लेखिका पन्नाशीची असेल. जाड स्वेटर, पांढरे होत आलेले केस, सर्दीने बसलेला आवाज. फोटोत होती त्यापेक्षा जास्तच ती माझ्या मावशीसारखी दिसत होती. तिने आधी "बूझू" म्हटलं आणि मग सांगितलं की हा आमच्याकडचा नमस्कार. मुलांनी तो मोठ्याने म्हणून दाखवला. बाबांनीही ओठ हलवले.

तिने तळ्यावरचा भाग वाचला. मग प्रश्न सुरू झाले. मुलं नेहमीचे प्रश्न विचारत होती. तुम्ही किती दिवसांत पुस्तक लिहिता, तुमच्याकडे कुत्रा आहे का. मग मैत्रिणीच्या मुलीने विचारलं की तुम्ही घरी तुमच्या भाषेत बोलता का. लेखिका म्हणाली, नाही. मला ती लहानपणी येतच नव्हती. चाळिशीनंतर म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन शिकले, आणि अजून नीट येत नाही. माझ्या आईला यायची, पण ती आमच्याशी त्या भाषेत कधी बोलली नाही. का नाही, असं त्या मुलीने विचारलं. लेखिका म्हणाली की आईला शाळेत त्या भाषेसाठी मार बसला होता. मुलांना तो बसू नये असं तिला वाटत होतं.

तेव्हा बाबांनी हात वर केला.

मला आधी वाटलं की त्यांना पाणी हवं आहे. मी त्यांच्या कोटाची बाही धरली. ते उभे राहिले. लायब्ररीतल्या बाईंना वाटलं म्हाताऱ्या गृहस्थांना प्रश्न विचारायचा आहे, त्यांनी हसून मान हलवली. बाबांचं इंग्लिश पोस्टातलं होतं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेलं. ते म्हणाले की मॅडम, मी भारतातल्या गोंड आदिवासी समाजाचा आहे. मी सरकारी आश्रमशाळेत शिकलो. तिथे आमच्या भाषेत बोललं की मास्तर वेताने हातावर मारायचे. माझी मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं की हिला त्या भाषेतला एकही शब्द येऊ द्यायचा नाही, म्हणजे मार बसायचा प्रश्नच नाही. मी बायकोलाही घरात बोलू दिलं नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि इंग्लिशमध्येच म्हणाले, "ही माझी मुलगी इथे बसली आहे. मी चूक केली. तिच्यासमोर कबूल करतो."

ते खाली बसले.

मला सांगता आलं असतं की माझे डोळे भरून आले, मी त्यांचा हात धरला. तसं झालं नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मैत्रीण दोन खुर्च्या सोडून बसली आहे. मला तिचं नेलपॉलिश दिसत होतं, तिने मांडीवर घट्ट धरलेली पर्स दिसत होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते. मग दुसरी गोष्ट मनात आली की माझा सत्तरीचा बाप परक्या देशात, परक्या भाषेत, मुलांच्या खुर्च्यांमध्ये उभा राहून माझी माफी मागतो आहे, आणि मी एका पर्सकडे बघते आहे. पहिल्या लाजेपेक्षा ही दुसरी लाज कितीतरी मोठी होती. पण ती नंतर आली, एवढं खरं.

मुलांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं. लेखिका पुढे आली, बाबांसमोर गुडघ्यावर बसली आणि तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तिने विचारलं, तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात? बाबा म्हणाले, "येर." ती म्हणाली, "निबी." दोघांनी एकमेकांचा शब्द उच्चारून पाहिला. माझ्या मुलीनेही दोन्ही शब्द म्हटले, सहज, जसं फ्रेंचच्या तासाला म्हणतात. लेखिकेने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी खाली वाकून मुलीचा कोट आवरायला घेतला.

मैत्रीण जाताना बाबांना नमस्कार करून गेली. मला म्हणाली, फोन करते.

बसमध्ये मुलगी बाबांच्या शेजारी बसली आणि झाडाला काय म्हणतात, बसला काय म्हणतात विचारत राहिली. बसला बसच म्हणतात, असं बाबांनी सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मी मागच्या सीटवर होते. घरी आल्यावर मुलगी वर गेली आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मला राग आला होता. लाजेचाच तो राग होता, पण तेव्हा मला ते वेगळं करता येत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांसमोर कशाला? घरी बोलता आलं नसतं?"

ते कोटाची बटणं काढत होते. म्हणाले, "घरी बोललो असतो तर तू चहा ठेवायला उठली असतीस, बेटा."

ते खरंच होतं. तेच पुढे म्हणाले की माझं तुझ्याविरुद्ध काही म्हणणं नाही. लपवायचं मीच तुला शिकवलं. बदलीच्या प्रत्येक गावात घरमालकाला आडनाव सांगताना मी आवाज कसा खाली करायचो, ते तू माझं बोट धरून ऐकलेलं आहेस. तू फक्त ते जास्त चांगलं शिकलीस. मग ते जाऊन रेडिएटरजवळ बसले, आणि मी खरंच चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं की, सुटलीस एकदाची. त्याला ते इतकं सोपं वाटलं याचा मला राग आला आणि थोडा हेवाही वाटला.

मैत्रिणीने फोन केला नाही. चार दिवसांनी ती स्वतःच आली. ढोकळा घेऊन आली होती. बाबांशी थोडं बोलली, मग मला स्वयंपाकघरात म्हणाली, "अगं, सांगायचं होतंस ना. आम्ही कुठे असलं काही मानतो?" ती मनापासून बोलत होती. पुढे म्हणाली की आणि तू तर किती हुशार आहेस, तुझ्याकडे बघून कुणाला वाटणारही नाही. हे म्हणताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात झटकला नाही. थँक्यू म्हटलं. ती गेल्यावर मला ते थँक्यू कितीतरी दिवस छळत राहिलं.

नंतर मंडळींच्या पोटलकला गेलो तेव्हा आरक्षणाचा विषय निघाला नाही. पुढच्या वेळीही नाही. कुणी एक शब्द काढला की दुसरा त्याला डोळ्यांनी थांबवायचा आणि सगळे माझ्याकडे न बघण्याची काळजी घ्यायचे. आधी मी पानं उचलायला पळायचे, आता ते माझ्यासमोर गप्प व्हायचे. यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं. हळूहळू आमचं जाणं कमी झालं. मैत्रीण राहिली, पण आमच्या बोलण्यात एक जपून वागणं आलं आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही.

बाबा मार्चमध्ये परत गेले. नागपूरला न थांबता गावी गेले आणि चुलत भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहू लागले. दर शनिवारी मुलगी फोन कार्ड घेऊन त्यांना फोन लावायची. तिकडे नेटवर्क मिळायला त्यांना टेकडीपर्यंत चालत जावं लागायचं, पण ते वेळेवर तिथे असायचे. आधी गोंडीतले शब्द, मग छोटी वाक्यं. तिचे उच्चार इंग्लिश वळणाचे, तरी बाबांना कळायचे. मराठीत ती मुलगा-मुलगी चुकवायची आणि गोंडीतही चुकवत असणार, पण माझ्या कानाला ते कळणार कसं. मी किचनमध्ये भांडी घासता घासता ऐकायचे. माझ्या बापाचं आणि माझ्या पोटच्या मुलीचं बोलणं, आणि मला त्यातलं पाणी आणि गाव सोडून काही समजत नसे.

एकदा ती दोघं फोनवर खूप हसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मम्मी, ते मराठीत नाही सांगता येत." तिचा काही वाईट हेतू नव्हता. अकरा-बारा वर्षांची मुलगी, खरं तेच बोलली. मी मान हलवली आणि नळ पुन्हा सोडला.

ती कादंबरी मी पुढे पूर्ण वाचली. शेवटी ती मुलगी शाळेत जाऊन खरं सांगते की नाही, याची मला धास्ती होती. ती सांगते, पण फक्त एका मैत्रिणीला, आणि तेही अडखळत. मला त्या मुलीचा आधार वाटला. ती तेरा वर्षांची होती, मी छत्तीसची.

गेल्या काही वर्षांत मी माझं माहेरचं आडनाव सांगते. नव्या ऑफिसात, शेजाऱ्यांना, कुणी विचारलं की लगेच. बहुतेकांना त्याने काहीच कळत नाही, ते फक्त स्पेलिंग विचारतात. तरी दर वेळी सांगण्याआधी क्षणभर माझा आवाज खाली जातो. मला तो ऐकू येतो. मग मी तेच आडनाव पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगते, आणि समोरच्याला वाटतं की त्यालाच आधी नीट ऐकू आलं नसेल.